हरणाबाईच्या मनगटावरचे तांब्याचे कडे

मित्रांनो, मी एक जुने तांब्याचे कडे आहे. माझी कहाणी ऐकायला बसलाच आहात, तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी चोर आहे. दागदागिने चोरणे मला कुठून जमणार? मी एका बाईच्या कष्टाची शाबासकी चोरली. काम तिच्या हातांनी केले आणि नाव माझे झाले. मी मात्र गप्प बसून चमकत राहिलो.

माझा जन्म सांगलीच्या बाजारातला. साल होते एकोणीसशे त्रेचाळीस. तळ गेलेली एक घागर तांबटाकडे मोडीत आली होती. त्याने तिच्या पोटाची पट्टी कापली, भट्टीत लाल केली आणि ठोकायला घेतली. किती घाव सोसले म्हणून सांगू! माझी दोन टोके त्याने जुळवली नाहीत. मध्ये बोटभर फट ठेवली, म्हणजे कोणाच्याही मनगटात बसावे. मग चिंचेने घासले. तेव्हा मी असा झळकलो, असा झळकलो, की समोरच्या दुकानातल्या हळदीच्या पोत्यांनी माना खाली घालाव्यात.

मला विकत घेतले नाथाजीने. तो म्हसवडच्या एका मेंढपाळ घरातला, पलटणीत शिपाई. महिन्याच्या रजेवर गावी निघाला होता. रजा संपली की त्याला समुद्रापार लढाईवर जायचे होते. त्याच्या आईचे, हरणाबाईचे, हात फार दुखायचे. पलटणीतल्या कोणीतरी त्याला सांगितले होते की तांबे अंगातला वात ओढून घेते. तांबटानेही मान हलवली. तेवढ्यावर नाथाजीची खात्री पटली. मलाही ते खरेच वाटले. आपली स्तुती खोटी आहे असे नव्या कोऱ्या कड्याला कशाला वाटेल?

सिद्धनाथाच्या यात्रेच्या आठवड्यात आम्ही म्हसवडला पोहोचलो. नाथाजीने आईचा हात आपल्या हातात घेतला आणि मी तो हात पहिल्यांदा पाहिला. बोटांची पेरे हळकुंडासारखी फुगलेली. अंगठ्याच्या बुडाशी गाठ. जन्मभर लोकर पिंजली, सूत कातले, मेंढ्या पिळल्या, भाकरी थापल्या, त्याची ती खूण होती. सकाळी उठल्यावर तासभर तिची मूठ मिटत नसे. पाण्याचा तांब्या ती दोन्ही तळव्यांत धरून उचलायची.

नाथाजीने मला तिच्या उजव्या मनगटात चढवले. ती हसली. पोरगा लढाईवर निघालेला आणि तरी आईच्या हाताची काळजी करणारा. मग मी तिला नुसते कडे कसे वाटणार?

आता त्या घरातल्या दुसऱ्या बाईविषयी सांगतो. नाथाजीची बायको चंद्राबाई. सांगलीजवळच्या कुपवाडची लेक, वय वीस असेल नसेल. बोलणे कमी, काम फार. तिची आई मनुबाई हळदीच्या कामावर जायची आणि हात आखडले की ते कसे सैल करायचे हे तिला ठाऊक होते. चंद्राबाई ते सारे माहेराहून शिकून आली होती. नाथाजी गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिने सासूचे हात आपल्याकडे घेतले.

झुंजुमुंजू झाले की ती माणगंगा नदीची चाळलेली वाळू तव्यावर गरम करी. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून आधी स्वतःच्या गालाला लावून बघी, चटका बसत नाही ना म्हणून. मग एकेक पेर शेके. मग कोमट एरंडेल. ते चोळून झाले की एकेक बोट हळूहळू मिटायचे, हळूहळू उघडायचे. शेवटी लोकरीचा एक मऊ गोळा सासूच्या मुठीत द्यायचा आणि दहा वेळा दाबायला लावायचा. धुणे पिळायचे काम तिने सासूकडून काढून घेतले. सासू कातायला बसली तर थोड्या थोड्या वेळाने चंद्राबाई तिला काहीतरी निमित्त काढून उठवायची. कधी शेळी सुटली म्हणायची, कधी कोण आलंय बघा म्हणायची.

मी रोज मनगटावर बसून हे बघत होतो. मित्रांनो, मी काय करत होतो? काही नाही. एरंडेल लागून उलट आणखी चमकत होतो.

दोन महिन्यांत हरणाबाईची मूठ मिटू लागली. एक दिवस तिने स्वतः भाकरी थापली. शेजारची साळूबाई बघायला आली आणि तिने विचारले की हा गुण कशाने आला. हरणाबाईने हात वर केला आणि मला पुढे केले.

"माज्या नाथाजीचं कडं. लय गुणाचं हाय."

झाले! आळीत माझी कीर्ती पसरली. बायका मला हात लावून बघायला येऊ लागल्या. एकीने तर मला वाटीभर पाण्यात बुडवून ते पाणी पिऊन टाकले. साळूबाईने आपल्यासाठीही एक कडे करून घेतले आणि होता तो तेलपाण्याचा उपचार सोडून दिला. त्या दिवसांत मी किती फुगलो होतो! चंद्राबाई चुलीपाशी बसून हे ऐकायची. एकदा साळूबाईने तिला डिवचलेच.

"काय गं चंद्रे, कड्याला यवढं जमतंय तर तू फाटंचं कशापायी वाळू भाजत बसतीस? फुटाणं इकायचं हायती का?"

चंद्राबाई नुसती हसली. कडे तिच्या नवऱ्याने आणले होते. त्याला खोटे कसे पाडायचे?

एक प्रसंग मला अजून बोचतो. शाळेचे मास्तर नाथाजीला पत्र लिहायला आले होते. हरणाबाई सांगत होती आणि ते लिहून घेत होते. डावा हात तिने सुनेच्या मांडीवर ठेवला होता आणि चंद्राबाई त्याला तेल चोळत होती. त्याच वेळी तिकडे पत्रात शब्द उतरले की तू दिलेल्या कड्याने हाताला चांगला गुण आला. चंद्राबाईचा अंगठा क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरू लागला. मी तेव्हा काळवंडायला हवे होते. पण खरे सांगतो, मला त्या पत्राचा आनंद झाला.

जेठात चंद्राबाईला सातवा महिना लागला आणि तिचा भाऊ तिला बाळंतपणाला न्यायला आला. निघताना तिने वाळूची पुरचुंडी खुंटीला अडकवली. तेलाची बाटली जवळ ठेवली. कसे शेकायचे, बोटे कशी मिटायची, ते पुन्हा एकदा सांगितले. हरणाबाईने कानशिलावर बोटे मोडून तिची दृष्ट काढली आणि म्हणाली, "जा तू निवांत. माज्याजवळ कडं हाय की."

दोन दिवस तिने स्वतःचे हात स्वतः शेकले. तिसऱ्या दिवशी मेंढरांच्या गडबडीत राहिले. चौथ्या दिवसापासून पुरचुंडी खुंटीवरच राहिली. धुणे पुन्हा तिच्याकडे आले. कातायला बसली की तिला उठवणारे कोणी नव्हते. श्रावणात चार दिवस गार वारा आणि भुरभुर लागली आणि तिची पेरे पहिल्यापेक्षा जास्त सुजली.

तिला काय वाटले असेल, ओळखा. तिला वाटले, कडे सैल झाले, म्हणून गुण येईना. ती माझा हात धरून लोहाराकडे गेली. म्हणजे तिच्या हाताबरोबर मी गेलो, असे म्हणा. त्याने माझी दोन्ही टोके दाबून मला आवळले. मी तिच्या मनगटात रुतलो. कातडीवर हिरवा वळ उठला. बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मुंग्या आल्या की ती म्हणायची, वात निघतोय. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की बाई, मला काढ, ती पुरचुंडी घे. पण तांब्याला तोंड कुठे असते? आणि जेव्हा ही स्तुती गोड लागत होती, तेव्हा तरी मी कुठे तोंड शोधत होतो?

भाद्रपदात कुपवाडहून सांगावा आला. चंद्राबाईला मुलगी झाली होती. हरणाबाई बारशाला निघाली. वाटभर ती खूष होती. नात हातात कशी घेईन, काय म्हणेन, हे बरोबरच्या माणसांना सांगून सांगून तिने त्यांचे कान किटवले. मला मात्र भीती वाटत होती, कारण तिच्या बोटांत किती जोर उरला आहे हे माझ्याइतके जवळून कोणाला माहीत होते?

पाळणा सजला होता. बायका बाळाला पाळण्याच्या खालून एकीकडून दुसरीकडे देत होत्या. नाव बनू ठरले होते. मनुबाईने बाळ खालून पुढे केले आणि हरणाबाईने दोन्ही हात लांबवले. बाळाचे ओझे ते किती! पण तिची बोटे मिटलीच नाहीत. बाळ हातावरून घसरले. मनुबाईने ते वरच्या वर झेलले म्हणून बरे. पण बाळ घसरताना माझे एक टोक, लोहाराने दाबून धारदार झालेले, बाळाच्या कपाळावरून ओढले गेले. रक्ताची बारीक रेघ उठली.

बाळ रडू लागले. हरणाबाई आपल्या हातांकडे बघत राहिली, जणू ते दुसऱ्याच कोणाचे होते. मित्रांनो, त्या दिवशी मला पुन्हा वितळून घागर व्हावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाई बाजेवर होती. खाली बाळंतिणीची शेगडी पेटलेली, निखाऱ्यांवर ओवा टाकलेला. हरणाबाई दाराशी बसली होती. आत यायला ती धजत नव्हती. आदल्या रात्री जेवणाच्या वेळीही तिने नातीकडे पाहिले नव्हते.

"आत्याबाई, हकडं या," चंद्राबाई म्हणाली. "माज्या शेगडीची ऊब वाया चाललीया."

हरणाबाई आली. चंद्राबाईने आधी मला हात घातला. माझी टोके फाकवून तिने मला मनगटातून काढले आणि बाजूला ठेवले. खालचा हिरवा वळ तिने बोटाने चाचपला. शेगडीवर फडके गरम करून, गालाला लावून बघून, तिने ते वळावर ठेवले. बारा-तेरा दिवसांची बाळंतीण, स्वतः अजून धड उठून बसत नव्हती, ती सासूचे हात शेकत होती.

मग हरणाबाई हळूच म्हणाली, "पोरी, गुण ह्या शेकाचा व्हता व्हय गं?"

चंद्राबाईने मान वर केली नाही. "ऱ्हाऊ द्या आता. बोट मिटा बघू."

हरणाबाई चार दिवसांसाठी आली होती, ती तीन आठवडे राहिली. सुनेच्या माहेरी इतके राहणे तिला फार अवघड वाटायचे. मनुबाई तिची थट्टा करायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमच्या घरी यंदा दोन बाळंतिणी आहेत, एक बाजेवरची आणि एक बाजेखालची. हरणाबाई हसायची आणि हात पुढे करायची. सूज हळूहळू उतरली. गाठी गेल्या नाहीत. त्या कधीच गेल्या नाहीत, खोटे कशाला सांगू? पण तिसऱ्या आठवड्यात तिने मांडीवर उशी घेतली, उशीवर बनूला घेतले आणि तिच्या पाठीखाली हात घालून तिला उराशी धरले. मी कोनाड्यातून बघत होतो.

म्हसवडला परतल्यावर दोघींचा क्रम पुन्हा सुरू झाला. पत्रात मात्र हरणाबाईने नाथाजीला खरे काही लिहवले नाही. गोळ्यांच्या तोंडाशी असलेल्या पोराला तुझे कडे वाया गेले असे कोणती आई कळवील? तिने मला पुन्हा मनगटात घातले, पण सैल. मी तिथे तोंड लपवून बसलो.

एकोणीसशे सेहेचाळीसमध्ये नाथाजी सुखरूप परत आला. अंगणात आळी गोळा झाली. साळूबाईही आली. तिची बोटे आता वाकडी होऊन बसली होती आणि तिच्या मनगटात माझा भाऊबंद तसाच चमकत होता. तिच्याकडे बघणे मला अजून जमत नाही. नाथाजीने बघितले की आईने त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या एका हाताने ठेवला. तो खूष झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "मंग, कडं लागू पडलं म्हनायचं."

चंद्राबाई ओसरीवर चूल फुंकत होती. तिने मागे वळून पाहिले नाही. पोरगा तीन वर्षांनी दारात उभा, साऱ्या आळीदेखत अभिमानाने विचारतोय. हो म्हटले असते तर कोणाचे काय बिघडणार होते? आणि खरे सांगू? तेव्हासुद्धा माझ्यातला एक कोपरा म्हणत होता, म्हणू दे, हो म्हणू दे.

"कडं चांगलंच हाय, बाबा," हरणाबाई म्हणाली. "पर ते रोज फाटंचं उठत न्हाई. ही उठती."

नाथाजीने चुलीकडे पाहिले. चंद्राबाईने धूर लागल्यासारखे करून पदराने डोळे पुसले. आणि मी, ज्याचा मान त्या क्षणी गेला, तो मी, किती दिवसांनी हलका झालो.

मित्रांनो, आता मी फारसा घातला जात नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात कोणाचे हात दुखत असतील, तर त्यांना एखादी वस्तू आणून देऊन मोकळे होऊ नका. सकाळी त्यांच्याजवळ बसा. फडके गरम करा, आधी आपल्या गालाला लावून बघा. त्यांचे एकेक बोट हळू मिटा, हळू उघडा. पिळायचे धुणे तुम्ही घ्या. हे रोज करा, कंटाळा आला तरी करा. आणि गुण आला, की तो कोणामुळे आला ते नीट बघा आणि त्या माणसाचे नाव चारचौघांत मोठ्याने घ्या. माझ्यासारख्यांना ते घेता येत नाही. तुम्हाला येते.