नळ चालू आहे तोवर

"बाई, तुमचा पंखाच दिसतोय," दुसरीतल्या शौनकने फोनमधून तक्रार केली.

"पंख्याखाली मीच आहे रे. तू सतरा अधिक आठ कर बघू," ज्ञानेश्वरी म्हणाली.

गुडघे पोटाशी घेऊन ती चटईवर आडवी होती. चेहरा मुलांना दाखवण्यासारखा नव्हता, म्हणून फोन छताकडे वळवलेला. गर्भाशयाच्या आतलं अस्तर तिच्या पोटात नको तिथे वाढत होतं. या दुखण्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात हे कळायलाच अकरा वर्षं गेली. ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी एप्रिलची, आणि मार्चमध्ये सगळं बंद झालं. हॉस्पिटल कोविडचं झालं. आता ऑगस्ट लागला होता.

तेव्हापासून ती आपली आपणच दुखणं सांभाळत होती. शेकायची पिशवी फुटली, तेव्हा जुन्या मोज्यात खडेमीठ भरून ती तव्यावर तापवू लागली. शेकून शेकून पोटावरची कातडी जाळीसारखी काळवंडली. हार्मोनची गोळी रोजची होती, पण नवी चिठ्ठी कुणी देईना. म्हणून उरलेल्या गोळ्या ती एक दिवसाआड घेत होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

सकाळी हॉस्पिटलमधून निरोप आला होता. थांबलेल्या ऑपरेशनांची यादी नव्याने लावताहेत. डॉक्टर फोनवर विचारतील. ज्यांचा त्रास जास्त, त्यांचं नाव वर. फोन एकदाच येईल.

बोलायचं कुठे, हाच प्रश्न होता. विमानतळाच्या जागेत गाव गेलं, नव्या घराचे मजूर लॉकडाउनमध्ये निघून गेले, आणि कुटुंब करंजाड्यात भाड्याच्या एका खोलीत अडकलं. नवरा धनेश कंटेनर यार्डात ड्यूटीवर. घरात सासरे कान्हा आणि सासू गोजरा. बिल्डिंग सील झालेली. जिन्यात उभं राहिलं तरी सोसायटीचे लोक ओरडायचे.

साडेअकराला फोन वाजला. वर्ग तुटला.

"एंडोमेट्रिओसिसचं पेशंट ना? त्रास कसा आहे?" डॉक्टर मॅडमचा आवाज घाईचा होता.

चार हातांवर कान्हा खिडकीशी बसला होता. वीस वर्षांत त्याच्यासमोर तिने डोक्याला दुखतं असंही कधी म्हटलं नव्हतं.

"बरं आहे," ती म्हणाली.

"गोळी रोज घेताय?"

"हो."

"ब्लीडिंग?"

"नाही... म्हणजे... ठीक आहे."

"मग तुम्हाला जानेवारीनंतर बघू या. चालेल?"

गोजरा मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. "काय गो, बरं हाय? रातची भिंत धरून चालतंस ती काय कवायत करतंस?"

कान्हा उठला. कुणाकडे न बघता न्हाणीत गेला, दार लावून घेतलं आणि नळ पुरा सोडला. बादलीत पाणी धबाधबा कोसळू लागलं.

"अवो! टाकीन पानी नाय! सांजला काय करू?" गोजरा ओरडली. मग ती मेथीची परात घेऊन ओट्याकडे गेली आणि पाठ फिरवून बसली.

"हॅलो? ठेवू का?"

"मॅडम, मी खोटं बोलले," ज्ञानेश्वरी म्हणाली. "गोळ्या एक दिवसाआड घेते, संपत आल्यात म्हणून. महिन्यातले सोळा दिवस रक्त जातं. दुखायला लागलं की उलटी होते."

मॅडम आता थांबून एकेक विचारू लागल्या. ती सांगत गेली. कुठे दुखतं, केव्हापासून, किती. पाण्याच्या आवाजाआड तिचा आवाज बऱ्यापैकी मावत होता.

"शौचाला त्रास होतो?"

नळाने दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि पाणी गेलं. घर एकदम शांत झालं. न्हाणीचं दार पातळ पत्र्याचं होतं. आत कान्हाचा श्वासही ऐकू येत होता.

ज्ञानेश्वरीने डोळे मिटले.

"होतो," ती म्हणाली. "त्या दिवसांत सुरी फिरल्यासारखं होतं. दोनदा रक्त पडलं. आणि नवऱ्याजवळ जायलाही भीती वाटते, मॅडम. दोन वर्षं झाली."

तिकडे कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला.

"ऑक्टोबरच्या यादीत वर घेते. बेड मिळेलच असं सांगत नाही. चिठ्ठीचा फोटो पाठवते, गोळ्या रोज घ्या. पुरवून पुरवून घेऊ नका. आणि रक्त फार गेलं, चक्कर आली तर थांबू नका, सरळ या."

फोन बंद झाला. ऑक्टोबर. म्हणजे अजून दोन महिने, तेही बेड मिळाला तर. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. अंगातलं होतं नव्हतं ते बोलण्यात सरलं होतं.

"अवो, आटपलं तिचं. या भायेर," गोजराने हाक मारली.

"बोलू दे तिला," आतून कान्हा म्हणाला. "मी हाय हितं."

फोन ठेवला, असं उठून त्यांना सांगायला हवं होतं. ज्ञानेश्वरीने कोपर टेकून पाहिलं. जमलं नाही. ती पुन्हा कुशीवर वळली.

"राहू दे त्यांना, आई," ती हळूच म्हणाली. "जरा वेळाने बोलवा."