ऊ नकोस

ऑफिसात त्याला सगळे खिडकीवाला म्हणत. संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या खिडक्या बनवणं हा त्याचा धंदा, आणि कुठल्या खिडकीनं कधी पुढे यायचं नि कधी गुमान मागे सरायचं, यातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही ही त्याची ठाम समजूत. पडद्यावर खिडक्या ढीगभर असोत, कीबोर्डवर बडवलेली अक्षरं एका वेळी एकीतच जातात. ती जिच्यात जातात तिच्याकडे फोकस आहे असं म्हणायचं. हे तो घरी आलेल्या पाहुण्यांनाही समजावून सांगे, आणि पाहुणे चहा अर्धा टाकून उठत.

त्याच्या स्वतःच्या फोकसबद्दल मात्र घरात दुमत नव्हतं. बायको बोलायला लागली की तो योग्य जागी 'हं' म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी आपण कशाला हं म्हटलं ते तिलाच विचारायचा.

बायको पुलांची इंजिनिअर. तिला लांबच्या एका नदीवरच्या पुलाचं काम चालून आलं होतं, पुरतं वर्षभर तिकडेच राहायचं. अशा कामाची ती लग्नाआधीपासून वाट बघत होती. "जाऊ का?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "बघू." चार दिवस तो बघतच होता. नाही म्हणावं तर आपण जुनाट ठरतो, हो म्हणावं तर मोजे कुठे ठेवलेत ते कुणाला विचारायचं? मोज्यांचं तो स्वतःला सांगत होता. खरं म्हणजे ती दोन दिवस माहेरी गेली तरी तो सगळ्या खोल्यांतले दिवे लावून बसायचा.

पाचव्या दिवशी त्याचा नवा प्रोग्राम डोळ्यांच्या दवाखान्यात सुरू व्हायचा होता. दारातल्या यंत्रातून रुग्णानं टोकन घेतलं की काउंटरच्या पडद्यावर प्रोग्रामची खिडकी टुणकन पुढे येई आणि फोकस आपल्याकडे ओढून घेई. तिथे नंबर लिहून एंटर दाबलं की तो नंबर हॉलमधल्या मोठ्या बोर्डावर झळके. डोळ्यांत औषध घातलेल्यांना बोर्ड कुठला दिसायला, म्हणून बोर्डातली एक बाई गोड आवाजात तो वाचूनही दाखवी. कधी नावानं हाक मारावी लागेल म्हणून खिडकीत काहीही लिहायची मुभा होती. आणि सगळ्यात कौतुकाची गोष्ट म्हणजे एंटर दाबताच खिडकी मागे सरे आणि फोकस ज्याचा त्याला परत करी. या सभ्यपणाचा त्याला फार अभिमान.

"पण मी नेमकं दुसरीकडे काही लिहीत असले तर?" घरी प्रोग्राम बघताना बायकोनं विचारलं होतं.

"कामाच्या वेळी दुसरं काय लिहिणार कुणी?" तो म्हणाला होता.

दवाखान्याचा संगणक अजून खोक्यातच होता, म्हणून पहिल्या दिवशी त्याचाच लॅपटॉप काउंटर क्रमांक तीनवर मांडला. काउंटरच्या ताई चष्मा आणायला आत गेल्या नि हा त्यांच्या खुर्चीत बसला. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात बायकोचा मेसेज आला. "बारापर्यंत कळवायचंय. जाऊ का?"

आता 'बघू' चालणार नव्हतं. त्यानं दीर्घ श्वास घेतला आणि उत्तर लिहायला घेतलं. उभा जन्म कीबोर्डवर गेला तरी मराठी अक्षरं तो अजून दोन बोटांनी, मान खाली घालून, हरवलेली किल्ली शोधावी तशी शोधायचा. तू जाऊ नकोस. एंटर. मेसेज गेल्याचा टुंग आवाज आला नाही, म्हणून सवयीनं पुन्हा एंटर. आता आला. दारातल्या यंत्रातून एकामागून एक टोकनं निघत होती. मग एकदा सुरुवात झालीच आहे तर सगळंच सांगून टाकावं असं त्याला वाटलं. मला एकट्याला जमणार नाही. एंटर. तू नसलीस की घर खायला उठतं. एंटर. लिहिता लिहिता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बोर्डातली बाई काहीतरी बोलत होती, पण सकाळपासून ऐकून ऐकून त्याचे कान तिच्यापुरते बंद झाले होते.

"आलो हो," समोरून कुणीतरी म्हणालं.

एका डोळ्यावर पट्टी बांधलेले एक आजोबा काउंटरला धरून उभे होते. "घर खायला उठतं म्हणालात ना? म्हटलं, माझंच नाव पुकारताहेत. ही गेल्यापासून मलाही तसंच होतं."

त्यानं मान वर केली. बोर्डावर हातभर लाल अक्षरांत त्याचा संसार मांडला होता. तू नसलीस की घर खायला उठतं, काउंटर तीन. त्याच्या वर, मला एकट्याला जमणार नाही, काउंटर तीन. आणि सगळ्यात वर, ऊ नकोस, काउंटर तीन. पहिला दिवस बघायला पुढच्या रांगेत येऊन बसलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

ऊ नकोस. हे इथे आहे, तर तिकडे काय पोचलं? त्यानं कोपऱ्यात पाहिलं. "तू जा." त्याखाली तिचं, "खरंच??"

आणि फोन वाजला.

"अरे, मला वाटलं तू बघू बघू करत दिवस घालवणार!" ती रडत होती की हसत होती, कळेना. "सरळ तू जा! मी इथे सगळ्यांना दाखवलं. म्हटलं बघा, असा आहे माझा नवरा."

असा नवरा म्हणून त्याला आजवर कुणी कुणाला दाखवलं नव्हतं. गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. जन्मात एकदाच तो मोठ्या मनाचा ठरला होता, आणि तेही स्वतःच्या प्रोग्राममधल्या चुकीमुळे.

"अगं," तो म्हणाला, "ते अर्धंच पोचलं."

"म्हणजे?"

"मधेच माझी खिडकी पुढे आली. उरलेलं इथल्या बोर्डावर गेलं."

"काय होतं उरलेलं?"

"ऊ नकोस."

तिच्यामागे माणसांचा आवाज येत होता, कुणीतरी तिचं अभिनंदन करत होतं. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. आवाजातलं पाणी आटलं होतं. "पण दहा मिनिटं मी फार खूश होते रे."

हे त्याच्या काळजाला लागलं. इतक्या वर्षांत तिच्या आवाजात तो आनंद त्यानं ऐकला नव्हता, आणि ऐकला तेव्हा तो एका तुटलेल्या वाक्यावर उभा होता. पडद्यावर खिडकी पुन्हा टुणकन पुढे आली. त्यानं लॅपटॉप मिटून टाकला. हॉलमधला बोर्ड काळा झाला.

"तू जा," तो म्हणाला.

"पुढे?" तिनं विचारलं.

"पुढे काही नाही. एवढंच वाक्य आहे."

"परत कुठे बोर्डावर नाही ना चाललंय अर्धं?"

"नाही. तोंडानं बोलतोय."

"जमेल तुला?"

"नाही जमणार," तो म्हणाला. "तू जा."

फोन ठेवला तेव्हा आजोबा अजून तिथेच होते. "माझा नंबर अजून आला नाही वाटतं," ते म्हणाले. "बसू का इथेच?"

त्यानं उठून त्यांना आपली खुर्ची दिली.