मागची गादी

भावाचा गणवेश धुवायला घेतला, तर खिशात हेल्मेटची मागची गादी सापडली आणि माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. ती गादी मीच बनवलेली. विमानातून उडी मारून पॅराशूटच्या छत्रीने उतरणारे सैनिक जमिनीवर पाठीवर कोलमडतात, डोकं मागून आपटतं. ते वाचावं म्हणून दोन वर्षं प्रयोगशाळेत मी खोटी डोकी आपटत बसले होते. आणि आमच्या शहाण्याने ती सरळ उपटून खिशात घातली!

गेल्या आठवड्यात उडीवरून आला तेव्हा डोकं धरून बसला होता. "काही नाही गं, ऊन लागलं," म्हणाला. ताकास तूर लागू दिली नाही. आज त्याची पुन्हा उडी होती. एकदा हादरलेल्या मेंदूला लगेच दुसरा हादरा बसला, तर माणूस जागचा उठतच नाही कधीकधी. मी गादी मुठीत घेतली आणि स्कूटर काढली.

तळाच्या पहारेकऱ्यापुढे प्रयोगशाळेचं ओळखपत्र नाचवत मी स्कूटर तशीच मैदानावर घातली. विमानाचे पंखे फिरू लागले होते. पाठीवर छत्री बांधून भाऊ रांगेत उभा होता.

"ताई, तू इथे कशी?"

मी गादी त्याच्या नाकासमोर धरली. "हे काय आहे?"

"ओरडू नकोस गं. छत्री उघडली का, ते मान वर करून बघावं लागतं. तुझी गादी पाठीवरच्या ओझ्याला अडते आणि हेल्मेट डोळ्यांवर येतं. आंधळ्यासारखा उतरू का?"

माझ्या खोट्या डोक्यांना पाठच नव्हती, मग छत्री कुठून असणार! चूक माझी होती, तरी राग त्याचाच येत होता.

उडी शिकवणारे उस्ताद धावत आले. "बाई, बाजूला व्हा."

"तो जाणार नाही. गेल्या वेळी डोक्याला लागलंय त्याच्या."

"काही लागलेलं नाही, उस्ताद," भाऊ म्हणाला. "ही लहानपणापासून राईचा पर्वत करते."

रांग हसली. उस्तादही हसले. "पोरगा ठणठणीत आहे. चला, चढा!"

भाऊ वळला. मी मागून त्याचा पट्टा गच्च धरला. त्याने मान वळवून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे! ताई, तू इथे कशी?"

रांगेतलं हसू थांबलं. उस्तादांनी त्याच्या छातीवरचे पट्टे सोडायला सुरुवात केली. भाऊ माझ्याकडेच बघत होता, उत्तराची वाट पाहत.