व्यंकटरावाच्या रानातला रस्ता

मी कस्तुराबाई. तोंडानं लय फाटकी हाय, बोरीच्या बाजारात कुणालाबी विचारा. पण आठ दिवस झाले, माझं तोंड बंद हाय.

आमचा आखाडा म्हंजे रानातली अकरा घरांची वस्ती. डांबरी सडकेला लागायचं तर व्यंकटरावाच्या रानातून जावं लागतं. तेवढाच एक रस्ता, अन् तोबी कागदावर न्हाई. माझी नात सृष्टी त्याच रस्त्यानं सायकलवर बोरीच्या शाळेला जाती, नववीत हाय. तिचे मायबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातेत. रस्ता मोडला की शाळा मोडली, अन् शाळा मोडली की पोरीच्या हातात कोयता, न्हाईतर गळ्यात मंगळसूत्र. मला ते दोन्ही नको होतं.

औंदा सरपंचकीला व्यंकटरावाची बायको उभी राहिली. मतदानाच्या आदल्या दिवशी तो भंडाऱ्याची पिशवी घेऊन आमच्या दारात आला. माझ्या मालकाला, आश्रुबाला, म्हणला, अकरा घरं आमच्याकडं राहिली तर रस्ता राहील, एक मत फुटलं तर नांगर घालतो. खंडोबाच्या नावानं त्यानंबी भंडारा उचलला, ह्यांनीबी उचलला. मला कुणी विचारलं न्हाई. बायांचं काय, तुमी सांगाल तिथं बटन दाबतेल, असं म्हणून चहा पिऊन गेला. चहा माझ्याच हातचा, मेल्याला लाज न्हाई.

माझ्या डोक्यातच गेलं. त्याच्या बायकोच्या विरोधात राजेश्री उभी होती. निवडून आले तर ह्यो रस्ता सरकारदप्तरी लावते, मग कुणाच्या बापाला मोडता येणार न्हाई, असं ती म्हणली होती. म्या गपचूप तिचं बटन दाबलं. एका मतानं काय व्हतंय, म्हणलं.

एका मतानंच राजेश्री निवडून आली.

सरकारदप्तरी नोंद व्हायला सहा म्हैने लागतेत म्हणे. व्यंकटरावाचा ट्रॅक्टर दुसऱ्याच दिवशी बांधावर हजर. त्यानं समदा आखाडा खंडोबाच्या देवळात गोळा केला. पाटावर बेल अन् भंडारा मांडला. एकेकानं उचलायचा, अन् घरात ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव हाय त्याचं नाव घेऊन सांगायचं, की मत आमालाच दिलं. लोकांनी पटापट उचलला. त्यांना काय, ते खरंच बोलायले होते. माझी पाळी आली तवा म्या भंडारा मुठीत घेतला. खरं सांगावं तर पोरीची शाळा गेली. खोटं सांगावं तर देव समोर बसलेला.

"सृष्टीची आण हाय," म्या म्हणलं. "मत तुमालाच दिलं."

व्यंकटरावानं पाटावरचा भंडारा कपाळाला लावला. मग त्यानं ट्रॅक्टर माघारी धाडला. देवाला भेणारा माणूस तोबी, दिलेला शब्द पाळला. बाया म्हणल्या, बरं झालं, सुटलो. मी घरी येऊन तीनदा हात धुतले, तरी मला ते पिवळेच दिसायले.

तवापासून पोरगी सायकलवर टांग टाकती अन् मला सडकेवरचे उसाचे ट्रॅक्टर दिसतेत, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले. काल पाच वाजले, साडेपाच वाजले, पोरीचा पत्ता न्हाई. सहा वाजले तशी मी अनवाणीच सडकेकडं पळाले. ती पंचर सायकल ढकलीत, मैत्रिणीसंग हसत येत होती. म्या आधी तिच्या थोबाडीत दिली, मग तिला पोटाशी धरून रडले. तिला कळंना आपलं काय चुकलं. तिला कसं सांगू, की तुझा रस्ता सोडवायला म्या तुझाच जीव देवापुढं ठेवला?

आज सकाळी ती गणवेश घालून, वेण्या बांधून दारात उभी राहिली. पंचर काढून झालं होतं. सायकलीच्या कुलपाची चावी माझ्या कनवटीला होती.

"आजी, चावी दे ना. उशीर व्हायलाय."

"आज नको जाऊ," म्या म्हणलं. "उद्याबी नको."