विमलबाईची शेवटची बाळंतीण

हो, मीच बोलतोय. किन्हीराजा गावच्या शाळेमागच्या आंब्यावर वाढलेलं ऑर्किड. गाव मला बांडगूळ म्हणतं. म्हणू द्या! बांडगूळ झाडाचं रक्त पितं. मी आंब्याचा एक थेंब कधी चोरला नाही. फांदीला चिकटून बसायचो, हवेतला ओलावा खायचो आणि खिडकीतून ऐकून फुकटात चौथीपर्यंत शिकलो. पाचवीचा वर्ग पलीकडच्या बाजूला, म्हणून माझं शिक्षण तिथंच खुंटलं. तेराचा पाढा येत नाही, पण पोरांच्या खोड्या सगळ्या पाठ. गुरुजी झाडाखाली डुलकी घ्यायला लागले की त्यांच्या टकलावर वाळलेलं पान नेमकं सोडायचं, हा माझा आवडता विषय.

मागच्या उन्हाळ्यात विजेच्या तारांना लागतात म्हणून फांद्या छाटल्या. माझी फांदी धाडकन खाली आली. सालीला धरून बसलेली मुळं तटातट तुटली. पंचविसातली चार उरली, तीही जखमी.

दौलतरावांनी मला उचललं. माणूस भला, पण जन्म गेला सोयाबीन-तुरीत. हिरवं दिसलं की मातीत खुपसायचं, एवढंच त्यांना ठाऊक. डबाभर काळी माती, वर शेणखत आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. हवेत मुळं सोडणाऱ्याला काळ्या मातीत गाडणं म्हणजे माणसाला नाकापर्यंत चिखलात उभं करून 'आता मोठा श्वास घे' म्हणणं. पंधरा दिवसांत मुळांचा लगदा झाला, पानांना सुरकुत्या पडल्या. तेव्हा दौलतराव डबा घेऊन शेजारच्या विमलबाईकडं गेले.

"वयनी, पाहा बरं, हे जगते काय. तुमच्या हातून कोनी गेलं नाई म्हनते."

विमलबाई गावची सुईण. अर्धं गाव पहिल्यांदा तिच्याच हातात रडलं. आता बाया गाडीत बसून दवाखान्यात जातात. 'लय चांगलं झालं' असं ती स्वतःच म्हणते; पण हाताची सवय काही जात नाही. तिनं मला डब्यातून उपसलं.

"अवं माय! भाऊजी, हिचा तं जीव घुसमटला. बाळंतिणीले कोनी असं गाडते काय?"

हिचा! आजवर गड्यासारखं बोलत होतो, एका वाक्यात बाळंतीण झालो.

मग सुरू झाली माझी सेवा. तिनं ब्लेड उकळून घेतलं, सडलेली मुळं कापली, जखमांवर हळद आणि चिमूटभर दालचिनीची पूड दाबली. झोंबलं, पण सडणं थांबलं. टोपलीत नारळाच्या शेंड्या पसरून मला त्यावर बसवलं. दर चार दिवसांनी पाण्यात कालवून गाळलेला कोरफडीचा गर कापसानं बुंध्याला लावायचा, मधल्या दिवसांत नुसतं पाणी शिंपडायचं. ओव्याची धुरीही दिली बरं का! मला खोकता येत नाही, म्हणून दोन पानं पिवळी करून निषेध नोंदवला. धुरी बंद झाली. दौलतरावांनी सोयाबीनचं टॉनिक आणलं, तर ते बाटलीसकट परत गेले.

एका रविवारी वाशिमहून प्रसेनजित आला. हा तिचा मुलगा, कचेरीत कारकून. चैत्रात विमलबाई अंगणात घसरून पडली होती आणि तासभर कुणाला कळलं नव्हतं, तेव्हापासून याच्या जिवाला घोर.

"आई, सामान बांध. पुन्हा पडलीस तं इथी कोन हाय?"

"कशी येऊ? घरात बाळंतीण हाय."

"कोन बाळंतीण?"

तिनं माझ्याकडं बोट दाखवलं.

"हे? हे तं बांडगूळ हाय!"

"तोंड सांभाळ. हिले मूळ फुटू दे. ज्या दिवशी फुटलं, त्या दिवशी घराले कुलूप लावून तुह्यासंगं येईन."

"शब्द?"

"शब्द."

आता माझी पंचाईत बघा. मूळ नाही फुटलं, तर तिच्या हाताला बट्टा. फुटलं, तर तिच्या दाराला कुलूप. चौथी शिकलेल्यानं हे गणित सोडवायचं कसं?

प्रसेनजित मात्र माझा मोठा हितचिंतक झाला. दर रविवारी शहाळं घेऊन हजर. एक वाटी शहाळ्याच्या पाण्यात दहा वाट्या साधं पाणी घालून विमलबाई मला पाजायची आणि मुंग्या-बुरशी नको म्हणून दुसऱ्या दिवशी धुऊन काढायची. उरलेलं शहाळं स्वतः प्यायची. लेक मला उचलून खालून-वरून तपासायचा. असंच एकदा मला उचललं आणि नुकताच फुटलेला मुळाचा कोंब टोपलीला घासून कट्कन मोडला.

"माकोड्या! काहून हात लावतं?" विमलबाई कडाडली. पण तिचे खांदे सैल पडलेले मी पाहिले. पोरगा टोपली ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कापूस घेऊन माझ्याजवळ बसली. मग हळूच म्हणाली, "माफ कर वं बाई. तुहं मूळ मोडलं अन् मले बरं वाटलं. असं आजवर कोन्या बाळंतिणीच्या बाबतीत झालं नाई."

त्या दिवशी मी ठरवलं, आता मूळ सोडायचंच. फक्त कुठं, ते माझं मी बघेन.

ऊन लागतं म्हणून तिनं टोपली दाराजवळच्या रांजणाला टेकवून ठेवली. तिच्या सासूच्या वेळचा रांजण, कमरेपर्यंत जमिनीत पुरलेला, बाहेरून सदा ओलसर. मी गुपचूप मूळ सोडलं, हिरव्या टोकाचं, आणि रांजणाच्या पोटाला असं चिकटवलं की सरसही लाजेल. मग त्याच्या शेजारी दुसरं.

रविवारी प्रसेनजित ओरडला, "फुटलं! आई, फुटलं!"

विमलबाईनं येऊन पाहिलं. मुळावरून बोट फिरवलं. आत जाऊन पिशवी काढली आणि लुगड्याच्या घड्या घालायला लागली. शब्द म्हणजे शब्द.

प्रसेनजितनं टोपली उचलली. टोपली आली, मी नाही.

"ओढू नको!" ती आतून धावत आली. "तुटन थे!"

"मंग रांजणच घेऊन जाऊ," आरडाओरडा ऐकून आलेले दौलतराव म्हणाले. दोघांनी मिळून जोर लावला. रांजणानं साधी जांभईही दिली नाही. दौलतरावांची कंबर तेवढी धरली.

विमलबाईनं पिशवी खाली ठेवली. "हे पाय बाबू, मी शब्द मोडत नाई. पन ओली बाळंतीण सव्वा महिना हलवत नसतात. अन् एकटी बी सोडत नसतात."

"अन् सव्वा महिन्यानं?"

"तवा आखीन मूळ फुटलं असन."

प्रसेनजितनं माझ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि उंबऱ्यावर बसून हसत सुटला. शेवटी म्हणाला, "बरं. मंग मीच बुधवारी बी येत जाईन. अन् काका, रोज सकाळी इथीच चहा प्या, म्हंजे आई उठली का थे समजन."

आता रांजणावर माझी सात मुळं आहेत. साधारण सव्वा महिन्याला एक, योगायोग समजा. दौलतराव रोज दोन कप चहा पितात आणि तरी साखर कमी म्हणतात.

एक सांगणं आहे. घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला मातीत पुरू नका, औषधांनी न्हाऊ घालू नका, आणि मूळ आलं का म्हणून दर रविवारी उचलून बघू नका.

आणि हो, मला कळी आलीय. कालच उमलता आलं असतं. पण प्रसेनजित बुधवारी यायचाय, तोवर दाबून धरलीय. निघा आता. विमलबाई कापूस घेऊन येतेय, आणि तिच्यासमोर मी अजून फार अशक्त आहे.