नेईआफूच्या भिंगाला दिसलेला चेहरा

मित्रांनो, टोंगा देशातल्या नेईआफू गावच्या दवाखान्यातले मी एक जुने भिंग आहे. वाळूची काच झाली, काचेला घासून घासून बाक आला आणि मला दृष्टी मिळाली. तेव्हापासून मी माणसाची कातडी पाहत आले आहे. तिचे एकेक छिद्र म्हणजे इवलीशी विहीर, तळाशी तेल पाझरणारी. ती बुजली की पुटकुळी उठते. हे नवल मला अजून जुने झालेले नाही.

पुढे दिव्याचे नवे यंत्र आले आणि मी खणात गेले. एका दुपारी वीज गेली, तेव्हा डॉक्टर मोआलाबाईंनी मला बाहेर काढले. समोर पुटकुळ्यांनी भरलेल्या चेहऱ्याची तरुण लुसेआने बसली होती, शेजारी तिची आत्या फिफिता. भावाच्या लग्नात लुसेआनेने नाचायचे होते, पण ती अडून बसली होती.

"हे तोंड घेऊन मी नाही उभी राहणार सगळ्यांसमोर!"

रात्री लावायचे जेल ती नेमाने लावत होती. तरी गुण नव्हता. पुढचे उपचार गोळ्यांचे. त्यांतल्या सर्वांत कडक गोळ्या तर रक्त तपासत, फार जपून द्यायच्या. डॉक्टरांनी मला तिच्या कपाळाजवळ धरले आणि त्या थबकल्या.

"चेहऱ्याला आणखी काय लावतेस?"

"काही नाही."

"मग ही चकाकी कसली?"

"ते होय? ते तर तेल! आत्या चोळते रोज सकाळी."

आमच्याकडे खोबरेल तेल 'लावण्या'त कुणी धरतच नाही. आणि टोंगात बापाच्या बहिणीचा मान घरात सर्वांत मोठा; आत्याला नाही म्हणायची बापाचीही छाती होत नाही.

आत्या फणकारली, "न चकाकणारी नाचणारी कधी पाहिलीत का, डॉक्टर? लोक म्हणतील, यांच्या घरचे नारळ संपले!"

डॉक्टरांनी मला आत्याच्याच हाती दिले. तिने भाचीच्या गालापाशी मला धरले. बुजलेली छिद्रे, लाल कडा, आत कोंडलेला पू. आत्याचा श्वास माझ्यावर धुक्यासारखा साचला.

"अगं बाई! एवढं सगळं चाललंय इथे? आणि मी वरून झाकण घालतेय!" मला खाली ठेवत ती म्हणाली, "तेल हातापायांना लावू. तोंडाला नाही. कुणी विचारलं तर मी बघून घेईन."

जेल तेच राहिले. गुण यायला महिने लागले. लग्नापर्यंत डाग पुरते गेले नव्हते. तरी लुसेआने नाचली, हात चकाकत होते आणि चेहरा कोरडा. आत्या सर्वांत पुढे बसली होती, असे डॉक्टर सांगत होत्या.

मित्रांनो, पुटकुळ्या पिळू नका, औषधाला वेळ द्या आणि सांगण्याजोगे वाटत नाही तेही डॉक्टरांना सांगा. कुणाच्या चेहऱ्याला हसण्याआधी तो एकदा जवळून पाहा. कातडीसारखे गप्प राहून इतके काम करणारे दुसरे काही मी पाहिलेले नाही.