दोन भावांची उरलीसुरली गाणी

मी एक जुनी सीडी आहे. मित्रांनो, असे नाक मुरडू नका. एके काळी माझ्यात तोंड पाहून भांग पाडता येईल इतकी मी लखलखीत होते.

माझा जन्म भांडणातून झाला. एका बँडमध्ये दोन सख्खे भाऊ चेलो वाजवायचे. चेलो म्हणजे व्हायोलिनचा धिप्पाड काका. खुर्चीवर बसून त्याला गुडघ्यांत धरावे लागते. सभ्य माणसे त्यावर डोळा लागेल असे काहीतरी वाजवतात. आमचे भाऊ त्यावर रॉक वाजवायचे आणि मागे ड्रमवर त्यांचा मित्र, ज्याला सगळे धडाम म्हणत, सगळे बळ पणाला लावायचा.

थोरल्याला घाईची खोड. ठोका पडण्याआधीच हा हजर! धाकट्याचे वेगळेच. चेलोच्या तळाला लोखंडी टोक असते, ते जमिनीत नीट रुतवावे लागते. धाकटा कंटाळा करायचा आणि ऐन रंगात वाद्यासकट पुढे घसरायचा. दोघे एकमेकांची उणीदुणी काढत राहिले आणि शेवटी बोलणेच बंद झाले. बँड मोडला.

तेव्हा त्यांच्या सीड्या काढणाऱ्या कंपनीच्या साहेबाला कल्पना सुचली. कधीच बाहेर न आलेल्या गाण्यांचा अल्बम काढायचा. निम्मी गाणी थोरल्याने निवडायची, निम्मी धाकट्याने. निरोप पोचवायला धडाम होताच. थोरल्याने शोधून शोधून धाकटा घसरला ती गाणी दिली. धाकट्याने थोरल्याची घाई जिथे उघडी पडते ती दिली. जगाला कळू दे, चूक कोणाची होती ते! अशी मी तयार झाले, नखशिखांत चुकांची.

आणि झाले भलतेच. लोकांनी मला डोक्यावर घेतले. एका जाणकाराने लिहिले, "घसरण्याच्या आवाजाचा इतका धाडसी वापर यापूर्वी झालेला नाही." त्या आवाजाच्या पाठोपाठ धाकट्याचे "आई गं!" स्पष्ट ऐकू येते, त्यालाही त्यांनी आर्त म्हटले. मी फुशारले. भाऊ मात्र आणखी चिडले.

दिवस पालटले. माझी एक प्रत भावांच्या आईकडे होती, तीच मी. आईने मला दुधाच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवायला सुरुवात केली. "मधे भोक आहे, वाफ छान जाते," असे ती शेजारणीला सांगायची. माझे अंग ओरखड्यांनी भरले. अल्बमचे झाकण झाले, याचे फार वाईट वाटायचे. पण आईचे दुःख माझ्याहून मोठे होते. थोरला शनिवारी यायचा, धाकटा रविवारी. दोन्ही मुले एका वेळी घरात दिसावीत, एवढेच तिला हवे होते.

मग तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले. "दोघंही एकाच वेळी या, नाहीतर मी दवाखान्यात जायचीच नाही," तिने दोघांना बजावले. दोघे आले. थोरला खिडकीबाहेर बघत बसला. धाकटा दाराशी खुर्चीच्या कडेवर बसून औषधाचे खोके पुन्हा पुन्हा वाचू लागला. आईने मला पुसून प्लेअरमध्ये घातले.

मी जीव तोडून वाजू लागले. अर्ध्या गाण्यात ओरखडा आला आणि माझी वाचाच बसली. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आयुष्यात एकदा खरे काम पडले आणि मी तोंडघशी पडले!

मग थोरल्याने खिडकीच्या फळीवर बोटे आपटत पुढची ओळ गुणगुणायला सुरुवात केली. दाराशी धाकट्याचा पाय हलू लागला आणि तोही गुणगुणू लागला.

"अरे, किती घाई करशील? अजून ठोका पडायचाय," धाकट्याच्या तोंडून गेले.

"तू आधी खुर्चीवर नीट टेक. घसरशील."

दोघे संध्याकाळपर्यंत तावातावाने भांडले. आई पाय लांब करून ऐकत बसली होती आणि मधूनमधून डोळे पुसत होती.

"आता खुशाल कापा म्हणावं माझा गुडघा," ती म्हणाली.

तर मित्रांनो, आम्हा सीड्यांना डबीत ठेवत जा, दुधावर झाकू नका. आणि कोणाशी अबोला धरला असेल, तर त्याच्याकडे जाताना शहाण्यासारखे बोलायचे ठरवून जाऊ नका. त्याची एखादी जुनी चूक काढा, तो लगेच बोलू लागेल.